वीस मिनिटं बंद झडप

सासू: अगं पण वाफ ती वाफ. ती परत तापवायची कशाला?

सून: आई, बॉयलरमधून निघालेली वाफ ओली असते. जरा गार झाली की तिचं पुन्हा पाणी. म्हणून तिला नळ्यांतून आणखी एकदा आगीच्या झळीत फिरवून आणायची. त्या नळ्या म्हणजे सुपरहीटर.

सासरे: आमच्या रेल्वे इंजिनातही तेच. दाब वाढत नाही, पण वाफ कोरडी ठणठणीत होते. कोळसा कमी, पाणी कमी. ओल्या वाफेचं इंजिन चढावर नुसतं धापा टाकायचं.

सासू: तुमची ड्रायव्हरकी नंतर. ही कारखान्यातून आल्यापासून चहाला शिवलेली नाही. काय झालंय गं?

सून: आज मी बॉयलर पेटवत होते. तेव्हा सुपरहीटरच्या टोकाची झडप उघडी ठेवावी लागते, म्हणजे नळ्यांतून वाफ वाहती राहते. मॅनेजरसाहेब आले. म्हणाले, आभाळात वाफ सोडायला ठेवलंय का तुम्हाला? बंद करा.

सासू: मग?

सून: केली. वीस मिनिटं. ते गेल्यावर उघडली.

सासरे: आग?

सून: भरपूर होती, बाबा.

सासू: मला कळेल असं बोला कुणीतरी.

सासरे: वाहती वाफच त्या नळ्यांना सांभाळते. ती थांबली की रिकामं पातेलं चुलीवर ठेवल्यासारखं. कुणाला सांगितलंस?

सून: तुम्हा दोघांना. मुख्य इंजिनिअरना सांगितलं तर बॉयलर थंड करून उघडतील, कारखाना दोन दिवस बंद. नोकरीला लागून चार महिने झालेत, आणि झडपेवर हात माझाच होता. कदाचित काही झालंही नसेल.

सासरे: हं. तूही ऐक गं. लग्नानंतर सहा महिने मी यार्डात डबे ढकलायला होतो, आठवतं?

सासू: न आठवायला काय झालं? नवी बायको घरी एकटी म्हणून मागून घेतलंत. माझ्या माहेरी अजून दाखले देतात.

सासरे: मागून नव्हतं घेतलं. शिक्षा होती.

सासू: कसली?

सासरे: एका स्टेशनात गाडी तासभर अडकली. इंजिन उभं, म्हणजे नळ्यांत वाफ नाही. आणि आग मी फुलवून ठेवलेली. मी प्लॅटफॉर्मवर तुझ्यासाठी छत्री निवडत बसलो.

सासू: ती हिरवी?

सासरे: तीच. परतलो तर जळका वास. समजलं, तरी गप्प बसलो. पुढच्या फेरीत दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती नळी फुटली. आग उलटी आली, फायरमनचा हात भाजला. नळ्या जाळल्या त्याबद्दल साहेब ओरडून मोकळे झाले असते. सहा महिने मिळाले ते तोंड न उघडल्याचे.

सासू: आणि मी चाळीस वर्षं लोकांना सांगतेय...

सासरे: हो.

सासू: तुमच्याकडे मग बघते. सूनबाई, इंजिनिअरना फोन लाव.

सून: आत्ता?

सासू: आत्ता. मॅनेजरचं नाव सांग, स्वतःचंही सांग.

(तीन दिवसांनी, पुन्हा चहाच्या टेबलाशी.)

सून: दोन नळ्या फुगल्या होत्या. एक तर नुसती चाचपली तरी कळत होती. पूर्ण भार आला असता तर फुटल्याच असत्या, मुख्य इंजिनिअर म्हणाले. शेजारीच कोळसेवाले दोघं उभे असतात.

सासू: तुला काय म्हणाले?

सून: आधी पोटभर झापलं. मग मॅनेजरसाहेबांना बोलावलं आणि त्यांना सगळं मलाच समजावायला लावलं. मी बाबांच्या रिकाम्या पातेल्यापर्यंत आले तेव्हा साहेबांचा चेहरा उतरला. आता भिंतीवर कागद लावलाय, पेटवताना त्या झडपेबाबत माझाच शब्द शेवटचा.

सासरे: शाब्बास. आता हिलाही जरा समजाव. तीन दिवस माझ्याशी नुसतं ‘हूं’ चाललंय.

सासू: माहेरी काय सांगायचं ते ठरवत होते.

सासरे: खरं ते सांग.

सासू: तुम्ही सांगा. फोन मी लावून देते.

सासरे: रागावली आहेस?

सासू: होते. मग म्हटलं, ते सहा महिने तुम्ही रोज दिवेलागणीला घरी यायचात. तेवढं तर खरं होतं.