तालमीतलं चाक

नाही नाही, मान हलवायची नाही आता, व्याहीबुवा – मुखवट्याची कड सुटली की पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि ही चिकटपट्टी काही माझ्या बापाची नाही, केंद्र निवारण निधीची आहे. बोलायचं तर मुळीच नाही. बोललात तरी मला काय ऐकू येणार – आतल्या आत घुमेल, काचेवर वाफ धरेल, झालं. अकराला गाडी येईल, गाडीत बसलात की कानात वायर जोडतील, मग नियंत्रण खोलीशी हवं तेवढं बोला. तोवर बोलणारा मी आणि ऐकणारे तुम्ही. आपली सोयरीक झाल्यापासून असा योग पहिल्यांदाच आलाय बघा! लग्नात तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नव्हतंत. हात वर करा. असे. पट्टीवाल्या बाईंना मी मुद्दामच मीटर आणायला पिटाळलं – म्हटलं, मुलाचा बाप आहे, आपल्याच हातानं बांधावा. घट्ट होतंय? होऊ दे. सैल झालं तर आतली धूळ शिरते, आणि ती धूळ पाहुणी म्हणून येत नाही, घरजावई म्हणून येते.

तुमचा अर्ज वाचला मी. वय बासष्ट. धंदा – बसचालक, निवृत्त. आणि आत जाण्याचं कारण विचारलंय तिथं काय लिहिलंत – ‘मुलाचं राहिलेलं काम पुरं करणे.’ वा! निधीच्या कचेरीतल्या बाईंचे डोळे म्हणे पाणावले. माझे नाही पाणावले, मी त्या वेळी कांजी घातलेला शर्ट घातला होता, डाग पडला असता. खरं सांगू? निधीला म्हातारी माणसं फार आवडतात. का विचारा. विचारू शकत नाही तुम्ही, मीच सांगतो. आतल्या किरणांनी जो काय रोग व्हायचा, तो उगवायला वीस वर्षं लागतात. तरुण माणूस असला तर वीस वर्षांनी दारात येऊन उभा राहतो – भरपाई द्या, औषधपाणी द्या, पेन्शन द्या. तुम्हाला वीस वर्षं आहेत कुठे? रोग बिचारा पत्ता शोधत येईल आणि घराला कुलूप! तुमच्यासारखा स्वस्त माणूस शोधून सापडायचा नाही. रागावू नका, कौतुकच करतोय.

पाय. उजवा. हं. तर हे सगळं चाललंय एका चाकासाठी. एवढं मोठं वीजकेंद्र फुटलं, आतलं सगळं वितळून तळाला जाऊन बसलं, पंधरा वर्षं झाली, आणि अजून रोज तळघरात पाणी शिरतंय, रोज ते उपसायचं, रोज टाकीत भरायचं – बाहेर टाक्यांची रांग बघितलीत ना येताना? एकेक टाकी तुमच्या बसच्या डेपोएवढी. ते पाणी तोडायचं तर आतल्या खोलीतलं एक चाक नऊ फेरे फिरवायचं. बस. नऊ फेरे. मग तळ सुकेल, मग गाळ काढायला सुरुवात, मग पुढचं. चाळीस वर्षांचं काम आहे म्हणतात. पंधरा वर्षांपूर्वीही चाळीसच म्हणत होते. आणि पैसा कुठनं येतो? तुमच्याकडनं! विजेच्या बिलात अगदी खाली, चष्मा लावूनही दिसू नये अशी एक ओळ असते – ‘केंद्र निवारण’. दर महिन्याला घराघरातनं थेंब थेंब. त्या ओळीवर माझी चूल पेटते, व्याहीबुवा. या शेडमधल्या सेहेचाळीस जणांची पेटते. तुम्ही दिवा लावलात की मला घास मिळतो. दिवे लावत चला.

आणि आत मिळतात चार मिनिटं. चार मिनिटांत वर्षाचा डोस भरतो. सात मिनिटं थांबलात तर पाच वर्षांचा, नियमानं तो वर्षाच्या जेमतेम दुप्पट धरतात – पाच वर्षं मग कुठल्याही केंद्राच्या फाटकाजवळ उभं करत नाहीत. म्हणून ही तालीम. म्हणून मी तालीममास्तर, आणि म्हणून ही खोटी खोली – प्लायवूडच्या भिंती, थर्मोकोलचा ढिगारा, भंगारातल्या जहाजाचं चाक. आतल्या खोलीची हुबेहूब नक्कल. दारातनं आत, अकरा पावलं, दोन्ही भिंतींना एकेक चाक – डावीकडचं तुळई पडून ढिगाऱ्याखाली गाडलेलं, उजवीकडचं मोकळं. उजवीकडे वळा, नऊ फेरे, परत. तीन महिने तुम्ही एवढंच करताय. बत्तीस वर्षं बसचं चाक फिरवलंत, तुम्हाला मी काय शिकवणार! पण आत काय होतं सांगतो – आत डोकं चालत नाही. घामानं काच धुरकट, छातीवर मीटर ओरडतोय, स्वतःचंच नाव आठवत नाही. तिथं अंगवळणी पडलेलं तेवढंच चालतं. पायांना जे माहीत, ते खरं. म्हणून आता शेवटची तालीम, पूर्ण पोशाखात, घड्याळ लावून. मी सही केली तर गाडीत. नाही केली तर घरी. सही माझी, साहेबाची नाही. साहेबाला इथलं चाक कुठं आहे तेही माहीत नाही.

आधी फोटो. नियम आहे – तालमीआधी एक मिनिट आतल्या खोलीचा फोटो बघायचा. या इकडे. रोज बघता, आज पुन्हा बघा. यावरूनच सुतारानं शेड बांधली. एकुलता एक फोटो, बरं का – यंत्राचा कॅमेरा आत सोडला, अकरा मिनिटांत जळून गेला, जाता जाता एवढंच देऊन गेला. तुमचा मुलगाही इथंच उभा राहायचा, असाच वाकून. पोरगा हुशार होता, मी म्हणतो ना, तीन मिनिटं दहा सेकंद – असा वेळ या शेडमध्ये कोणीच काढला नाही. आणि आत गेल्यावर? उजवीकडे वळला आणि ढिगारा उपसत बसला! चार मिनिटं झाली, पाच झाली, मीटर बोंबलतोय, नियंत्रण खोली ओरडतेय, आणि हा दोन्ही हातांनी दगड बाजूला करतोय. सात मिनिटांनी बाहेर. पाच वर्षांचा डोस एका दमात. आणि बाहेर येऊन काय म्हणाला – ‘मामा, चाक डावीकडे आहे. निघताना दिसलं. समोरच होतं.’ चौकशीत मला विचारलं. मी म्हटलं, घाबरला हो, लेकराला डावं-उजवं उरलं नाही. कागदावर शेरा पडला – ‘दिशाभ्रम’. झालं. आणि तुम्ही तरी काय वेगळं म्हणालात? भर बैठकीत, माझ्यासमोर – नाचता येईना अंगण वाकडं! तुमचेच शब्द. पोराची मान खाली गेली ती गेली. वर्षभर तुम्ही बोलला नाहीत म्हणे त्याच्याशी. एका पंगतीत जेवता म्हणे दोघं, आणि मीठ मागायचं तरी सुनेमार्फत.

अहो – ते काय करताय? फोटो असा बोटानं खरवडू नका. हातमोजा फाटेल. तो निधीचा शिक्का आहे, गोल, छान आहे, मीच चिकटवलाय. खाली? खाली काही नाही. भिंतीवरची नंबराची पाटी आहे, एवढंच, ती वाचून तुम्हाला काय करायचंय? सरका. सरका म्हणतो ना! – सुताराचा काही दोष नाही, आधीच सांगतो, फोटोत जसं दिसलं तसं त्यानं केलं, मापात सूतभर फरक नाही. आता कॅमेरा समोरून बघत नव्हता, कोपऱ्याआडून आरशात बघत होता – समोर ठेवला तर क्षणात जळतो – तर त्याला सुतार काय करणार...

काय?

असं बघू नका. काचेआडून तुमचे डोळे म्हशीसारखे मोठे दिसतात. बरं, आरशात. असेल आरशात. विसरलोच, तुम्ही बसवाले – आरशात बघून गाडी मागे घेण्यात जन्म गेला तुमचा, उलटी अक्षरं तुम्हाला सुलटी दिसायची. सुताराला नाही ना दिसत! त्यानं आरशातली खोली बांधली. निधीच्या माणसांनी मापं घेतली, सह्या झाल्या, बिल निघालं, फीत कापली. आणि दोन वर्षांनी एके दिवशी मी या फोटोवरची धूळ पुसतोय आणि बघतो तर काय – पाटीवरचे आकडे उलटे! बसलोच खाली. तोवर एक वेल्डर आत जाऊन आलाही होता, ढिगारा बघून परत फिरला होता, रस्ता बंद म्हणाला होता, आणि निधीनं आणखी तीन वर्षांच्या तालमी मंजूर केल्या होत्या. आता मी काय करायचं? उठायचं आणि सांगायचं – साहेब, अंगणच वाकडं आहे? शेड पाडतील, पैसे परत मागतील, सेहेचाळीस जण रस्त्यावर. मी गोंद आणला. शिक्का चिकटवला. गोंद मात्र स्वतःच्या पैशाचा, हं.

हो. तुमचा मुलगा त्यानंतर आत गेला. मोजताय काय बोटांवर, मीच सांगतो – दीड वर्षानंतर. ठाऊक होतं मला. दारापर्यंत गेलो होतो सोडायला, पाठीवर थापही मारली. अहो, बसा... बसता येत नाही, पोशाख आहे. बरं, उभे राहा. माझंही ऐका. ते चाक फिरलं असतं तर त्याला राजधानीत मोठी जागा देणार होते, घरासकट. लेक म्हणाली, बाबा, आम्ही जाणार. सामान बांधायला घेतलं होतं तिनं, व्याहीबुवा, माझ्यासमोर! एकुलती एक लेक. आणि चाक फिरलं म्हणजे शेड बंद, तालीम बंद, मी एका खोलीत भिंतीकडे बघत. म्हटलं, जाईल, ढिगारा बघेल, चार मिनिटांत परत येईल वेल्डरसारखा, राहील इथंच. तो खणत बसेल असं मला काय स्वप्न पडलं होतं? कोणी सांगितलं होतं एवढं कष्टाळू व्हायला? तुमचीच शिकवण ती. आणि मिळालं काय मला? ती गेलीच, नवऱ्यामागोमाग – राजधानीत नाही, तुमच्या घरी. फोन केला की विहीणबाई उचलतात, म्हणतात, ती भांडी घासतेय. केव्हाही करा, भांडीच घासतेय. अहो, अशी किती भांडी आहेत तुमच्या घरात?

असो. सांगितलं म्हणून काही बिघडत नाही. तीन महिने तुमचे पाय उजवीकडे वळवलेत मी. आता देवानं येऊन कानात डावीकडे म्हटलं तरी पाय उजवीकडेच जातील. लावा पैज. मुलगा तरुण होता, त्याचेसुद्धा तिकडेच गेले, तुमचे गुडघे तर बासष्ट वर्षांचे. चला, रेषेवर उभे राहा. घड्याळ लावतो. सरळ चला, अकरा पावलं, आणि – हं. सुटा.

चार... सात... छान, वेग चांगला आहे... दहा, अकरा. वळा. – अहो. तिकडे कुठे? उजवीकडे! तिकडे थर्मोकोल आहे! व्याहीबुवा, डाव्या बाजूला काही नाही, ढिगारा आहे नुसता... काय करताय? हात वर कशाला – तिथं चाक नाही, हवा आहे! एक. दोन. हे काय चाललंय... तीन. आणि कसे दोन्ही हात पसरून, पूर्ण वळण घ्यावं तसे... पाच. सहा. बोटं अशी मिटलीत, जसं खरंच गार लोखंड आहे हातात. आठ. नऊ. फिरले. परत. सरळ. रेषा.

दोन मिनिटं अकरा सेकंद.

...

उत्तम. फारच उत्तम. आणि फारच मूर्ख. अहो, इथं उजवीकडे जायचं होतं! गपचूप माझं चाक फिरवायचं, सही घ्यायची, गाडीत बसायचं, आणि आत गेल्यावर डावीकडे वळायचं. बत्तीस वर्षं गर्दीतनं बस काढलीत आणि एवढं वळण जमू नये? पण नाही – मला दाखवायचं होतं! तोंड बांधलेलं, म्हणून हातांनी उत्तर द्यायचं होतं. मुलावर विश्वास बसला तो नेमका आज, नेमका इथं. एक वर्ष उशिरा आणि पाऊण तास लवकर. वरातीमागून घोडं म्हणतात, तुमचं तर घोडंच चुकलं. द्या तो कागद. शेवटची तालीम – उमेदवार चाक सोडून विरुद्ध भिंतीकडे गेला आणि नऊ वेळा हवा फिरवली. शेरा – दिशाभ्रम. प्रवेश नाकारला. सही, तारीख. सांगा की, जरूर सांगा, कोणालाही सांगा! बापाच्या कागदावर दिशाभ्रम, मुलाच्या कागदावर दिशाभ्रम – म्हणतील, घराण्यातच आहे. फोटो उद्यापर्यंत राहतोय थोडाच, काच जुनी झालीये त्याची.

मनगट सोडा माझं. सोडा. पट्टी चिकट आहे, केस ओढले जातात.

बाई! अहो पट्टीवाल्या बाई! मीटर राहू दे, कात्री आणा. गाडीला म्हणावं परत जा, आज कोणी येत नाही. यांना सोडवा – आधी बूट, मग मोजे, मग अंगातलं. सावकाश, म्हातारं माणूस आहे, आमचे व्याही आहेत. आणि मुखवटा... मुखवटा इतक्यात नको. मी जेवून घरी गेलो की मग काढा.