हिरवा येईपर्यंत फुंक

नाही, पण माझं काय चुकलं ते तरी सांगा! साल दोन हजार पंचवीस, मार्गशीर्ष महिना, बेंगळुरात सकाळी स्वेटर घातल्याशिवाय दूध आणायला जाववत नाही अशी थंडी, आणि सून माझ्या हातात प्लॅस्टिकची फुंकणी देते! चुलीची नव्हे हो, नातीच्या दम्याची. वेदिका, सात वर्षांची. उभं राहून तीनदा फुंकायचं, काटा सरकतो, तिन्हींतला मोठा आकडा तक्त्यावर लिहायचा. एकशेसाठच्या वर हिरवा, खाली पिवळा, शंभराच्या खाली लाल, म्हणजे पळा दवाखान्यात. आश्लेषा, म्हणजे सून, एक पाय व्हाइटफील्डच्या ऑफिसच्या कॅबमध्ये टाकून सांगते, "पिवळा आला तर निळा पंप द्या, मला फोन करा. बाकी काही नको अण्णा, तुम्ही फक्त लिहा!"

फक्त लिहा! तुम्हाला सांगतो, राजाजीनगरच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर उभा होतो मी. शिक्षण चौथी. पण माझ्या हातचा एक नग... एक नग परत आला नाही! आणि मी फक्त लिहायचं?

पहिल्या दिवशी पोरगी फुंकते, एकशेचाळीस. पिवळा. पिवळा? माझ्या हातून? म्हटलं, पुन्हा. एकशेतीस. पुन्हा! एकशेवीस... अहो, उतरतच चाललंय! म्हटलं, "हिरवा येईपर्यंत फुंक, नाहीतर खाली खेळायला जायचं नाही." रडली. रडू दे. नापास नग पुढे सोडायची आमची रीत नाही. सातव्या खेपेला तिनं गाल फुगवले आणि... फुट्! दोनशे! मोठा आकडा लिहायचा ना? लिहिला!

मग काय, रोज फुट्! रोज दोनशे, दोनशेदहा. तक्ता हिरवागार. शेजारच्या मंजुनाथला घरात बोलावून दाखवला; पोरगी त्याच्यासमोर फुंकायला कुरकुरली, तर तिच्यावर ओरडलोही. तो म्हणतो, "सूपर, अण्णा!" सून म्हणते, "वा अण्णा!" आणि वर पुन्हा तेच, "तुम्ही फक्त लिहा!"

बाराव्या दिवशी दूध घेऊन जिना चढतोय, पोरगी तिसऱ्या पायरीवर थांबली. "अज्जा... थांब..." दोन शब्दांत दोनदा दम. आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "नाटकं पुरे! सकाळी दोनशे आलेत ना?" मग तिच्या गळ्याखालची खळगी आत ओढली जाताना दिसली. ओठ निळे पडलेले दिसले... दूध तिथंच टाकलं. तिला उचलली, रिक्षात घातली. रिक्षावाला म्हणतो, "सिग्नल आहे, स्वल्प थांबा." थांबा? चौतीस वर्षांत कुणासमोर हात जोडले नव्हते. त्याला जोडले.

दवाखान्यात तोंडाला वाफेचा मास्क लावला, तासाभरानं छाती सैल झाली. मग डॉक्टरीणबाईंनी तक्ता पाहिला. "सकाळी दोनशेदहा? या छातीत? वेदिका, फुंक बघू." फुट्! बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ही जिभेनं थुंकतेय. काटा उडतो, पण ती हवा छातीतली नव्हेच. कुणी शिकवलं गं?" पोरगी म्हणाली, "कुणी नाही. पिवळा आला की अज्जा रागावतो."

एवढंच. एवढंच म्हणाली हो! बाईंनी तक्ता माझ्या हातात परत दिला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बारा दिवस मी माप घेत होतो की पोरीकडून खोटं माप काढून घेत होतो? माझा नग परत आला नाही म्हणे... अहो, माझ्या नगांना आवाज नव्हता, म्हणून नसेल आला!

दुसऱ्या दिवशी पोरगी उभी राहिली, माझ्याकडे बघत. फुंकते, पण डोळा माझ्यावर. एकशेतीस. एकशेतीस. एकशेचाळीस. पिवळा. लिहिलं. पंप दिला. फोन केला. मग म्हटलं, "वेदिका, अज्जाचं चुकलं." बाहत्तर वर्षांत हे वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. वाटलं, पोरगी गळ्यात पडेल. कसली पडते! म्हणाली, "सरी, ठीक आहे. पण आईसमोर म्हण. तू मला मंजुनाथ अंकलसमोर ओरडला होतास."

संध्याकाळी कॅब आली. सुनेनं चपला काढायच्या आधीच मी म्हटलं, "वेदिका, अज्जाचं चुकलं." मंजुनाथलाही बोलावून घेतलं होतं.