ह्यांनी सजवलेली गाडी

हसा हो, खुशाल हसा, हसू दाबून उगाच ठसका लागेल — मीही हसतेच की. सगळी इमारत हसते, माझी सख्खी बहीण हसते, रस्त्यात सिग्नलला शेजारी थांबलेली शाळेची पोरं काचेला नाक लावून हसतात. हे? हे गाडीच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला गेलेत कोपऱ्यावर, येतील एवढ्यात, तोवर मी दाखवते. तेच बरं आहे. त्यांच्यासमोर मला खरं बोलता आलं नसतं — म्हणजे आलं असतं, मी बोलतेच, पण मग ते गप्प होतात आणि त्यांचं गप्प होणं फार लांब चालतं. आता तुम्ही म्हणाल, ही बाई कशी, गिऱ्हाइकासमोर आपल्याच मालाला नावं ठेवते. पण तुम्हीच फोनवर म्हणालात ना, की आईला दवाखान्यात न्यायला-आणायला साधी गाडी हवी, आत जे काय लावलंय ते सगळं काढून टाकणार? मी तेव्हाच ठरवलं, गाडी ह्याच माणसाला द्यायची. इंजिन उत्तम आहे हो, त्यात काही खोट नाही. इंजिनाला ह्यांनी हात लावला नाही, म्हणून उत्तम आहे.

आता हे बघा. आरसे. कंपनीने दिलेत बाहेर दोन, बरोबर? त्या प्रत्येकाला खाली हा गोल फुगीर आरसा चिकटवलाय, आणि आतला तर बघाच — ह्या दारापासून त्या दारापर्यंत. न्हाव्याच्या दुकानात असतो एवढा. मी म्हटलं, अहो, गाडी चालवायचीय की दाढी करायचीय? तर म्हणे, मागून कोण येतंय ते दिसलेलं बरं. कोण येणार आहे मागून? हॉर्न वाजवतातच की लोक. आणि ही निळ्या दिव्यांची पट्टी, स्टीअरिंगच्या वरून अशी कडेकडेने नेलीय — किल्ली अर्धी फिरवून वळायचा दिवा लावा बघू. लावा ना. हं. कशी लुकलुकते. लग्नाच्या मांडवात बसल्यासारखं वाटतं की नाही? इंडिकेटर लावला की टिकटिक होते, सगळ्या जगाला ती पुरते, ह्यांना रोषणाई लागते. फोन आला की ती लाल होते. पट्टा लावला नाही तर हा इथला पिवळा. गाडी मागे घेताना काही आडवं आलं तर कंपनीची पीं पीं होतीच, तर ह्यांनी तिथे कॅमेरा बसवला आणि हा पडदा. साठी उलटली हो माणसाची. नातवंडं खेळण्यांशी खेळायची सोडून आजोबांच्या गाडीतले दिवे मोजत बसतात.

शिकले कुठे म्हणता? शिकतात कुठे, मोबाइलवर व्हिडिओ बघून. आयुष्य गेलं छापखान्यात, मोठ्या यंत्रावर, ते धडधड धडधड दिवसभर — हात चांगले आहेत, ते मी नाकारत नाही, पण वायरी हा त्यांचा विषय नव्हे. सुरुवातीला तर गाडी मागच्या गिअरमध्ये टाकली की वायपर चालू व्हायचे. खरंच सांगते. आणि दारं — ह्या दारांच्या पोटात काय आहे माहितीय? डांबरासारखी काळी चिकट पत्रं. चारही दारं खोलून आतून चिकटवलीत, ती तापवायला माझा केस वाळवायचा ड्रायर घेतला, आणि दाबून बसवायला काय घेतलं असेल? माझं लाटणं. ते लाटणं मी नंतर किती घासलं, तरी त्याचा तो वास जाईना, शेवटी टाकून दिलं. मी विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून. मी म्हटलं, रस्त्याचा आवाज नको आणि स्वतःचा गोंगाट हवा, छान आहे. हल्ली बोलतच नाहीत फारसं. पूर्वी असं नव्हतं, पूर्वी घरात शिरले की छापखान्यातली दिवसभराची बित्तंबातमी सांगायचे, मला म्हणावं लागायचं, आधी हातपाय धुवा. आता पेपर धरून खिडकीशी बसतात. फोन वाजला की माझ्याकडे सरकवतात, तूच बोल. टीव्हीसुद्धा सोडला. मी स्वयंपाकघरातून हाका मारून मारून थकते आणि हे जागचे हलत नाहीत. निवृत्त झाला की माणसाला माज चढतो, काय सांगू तुम्हाला.

बरं, आता किल्ली पुरती फिरवा. गाणं लावू नका एकदम, आधी कान — लावलंत? बघा. बघा, कसे दचकलात. मी तेच म्हणते, कर्कश, नुसतं सुरी घासल्यासारखं. गाणारी बाई गातेय की कोणी तिला चिमटे काढतंय, कळत नाही. काय म्हणता, स्पीकर चांगले आहेत? चांगले असतील, एवढे पैसे ओतलेत त्यात. ही बटणं? ही खालीवर सरकणारी? हो, ही अशीच असतात, ही उजवीकडची सगळी टोकाला वर. मी एकदा पुसताना चुकून खाली आणली, तर आवाज कसा गोड झाला होता, अगदी मऊ. हे बसले, गाणं लावलं, आणि लगेच सगळी परत वर. म्हणाले, आता शब्द कळतात. घ्या. आवड म्हणतात ती ही. आणि डिकीत तो मोठा काळा डबा आहे, त्यामुळे सामान ठेवायला जागा नाही, त्याची धडधड तुमच्या सीटखाली येते, जाणवतेय ना? सीटखाली ती हादरवायला एक वेगळं यंत्रच बसवलंय. हे गाडी चालवताना एक हात असा दारावर सपाट ठेवतात, ताल अंगात भिनल्यासारखा. तरुण पोरं करतात ना, तसं. बंद करा, बंद करा ते.

आता हा सगळ्यात मोठा तमाशा. इकडे, माझ्या बाजूला, ऊन अडवायच्या झडपेवर — हे शेंगदाण्याएवढं दिसतंय? माइक आहे. हसू नका, थांबा, अजून पुढे आहे. मी बसते तिथे, माझ्या तोंडासमोर. ह्यांना वाटलं, मी गाडीत गाणी म्हणणार. तो बसवताना काय गोंधळ, काय शिट्ट्या — नुसती कीं, कीं, कानातून आरपार जाणारी. मी दोन्ही कान दाबून बसलेले, खालचा वॉचमन धावत आला, आणि हे शांतपणे स्क्रू पिळतायत. मला विचारतात, वाजतेय का अजून? मी म्हटलं, तुम्हाला काय कान नाहीत? तर बघतच राहिले माझ्याकडे. मग म्हणाले, तू सांग, थांबली की सांग. मग झालं एकदाचं, आणि तेव्हापासून गाडीत बसलं की एकच टुमणं — बोल ना काहीतरी. काहीतरी बोल. मी काय बोलू? मी काय ऑर्केस्ट्रातली आहे? मी तोंड घट्ट मिटून बसायची. मुद्दाम. मुलीच्या घरापर्यंत जायचं, यायचं, एक अक्षर नाही. म्हटलं, बघू कसा वाजतो तुमचा माइक.

शेवटी बहिणीकडे गेलो तेव्हा माझ्या मेहुण्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं, वा, वरातीचीच गाडी आणलीत, आता भाड्याने द्या. सगळे हसले. मीच जास्त हसले, खोटं कशाला बोलू, आणि वर सगळं रंगवून सांगितलं, लाटण्यापासून. ह्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि मग तेही हसले. सगळ्यांच्या मागून. घरी येताना नेहमीसारखं बोल बोल केलं नाही. गाडी लावली, किल्ली काढली आणि म्हणाले, विकून टाकू, आपल्याला कुठे जायचंय आता. मला तर हायसं वाटलं. त्याच संध्याकाळी काचेवर पाटी लावली मी. पुन्हा मन बदललं तर?

ते माइकचं लाल बटण राहू द्या — दाबलंत? बरं, दाबलंत तर दाबलंत. हं. हॅलो. येतोय आवाज? मी पहिल्यांदाच बोलतेय ह्यातून, खरं सांगते. मोठा येतोय? असा कसा, मला तर इथे काहीच — मागच्या डब्यातून नाही? दारांतूनही नाही? म्हणजे कुठून? तुमच्या डोक्यामागून? फक्त तिथून? मग बिघडलं असेल. गाणं म्हणायचं तर सगळीकडून यायला नको का? ज्याने गायचं त्याला ऐकू नको, मागे बसलेल्यांना नको, आणि चालवणाऱ्याच्याच मानेपाशी फक्त — असं कोण बसवेल?

काय? नाही हो. कमी ऐकू येतं? ह्यांना? छे. तुमच्या आईचं वेगळं, त्यांचं वय काय, त्यांना यंत्र लावायला डॉक्टरांनी सांगितलं. ह्यांना कुणी सांगितलं? मला कळलं नसतं? एका घरात राहतो आम्ही, एका ताटातलं खातो म्हटलं तरी चालेल. आईंचंही तसंच होतं म्हणता? शब्द बोथट व्हायचे, म्हणून ह्या उजवीकडच्या बटणांसारखं वरच्या पट्टीतलं सगळं चढवून — त्याही लोकांकडे बघून हसायच्या? सगळ्यांच्या मागून?

थांबा जरा. जरा थांबा. शिट्टी वाजत होती. वॉचमन चौथ्या गल्लीतून पळत आल्यासारखा आला, एवढी वाजत होती, आणि हे मला विचारत होते. मला. वाजतेय का अजून. आणि मी काय म्हटलं — तुम्हाला सांगितलं मी आत्ताच, काय म्हटलं ते. आणि टिकटिक, ती येत नसेल, म्हणून ते निळे... आणि आरसे... ती काळी पत्रं. रस्त्याचा आवाज आत येऊ नये. म्हणजे मग आत माझाच — अहो, ह्या माणसाने मला सांगायचं ना. तोंड आहे ना त्यांना. सांगायचं, मला कमी येतं गं, जवळ येऊन बोल. मी काय त्यांना खाल्लं असतं? तर नाही, लाटणं घेऊन बसले. महिनेच्या महिने लाटणं घेऊन बसले, पण एक वाक्य तोंडातून काढलं नाही. आणि मीही अशी, की बोल म्हटलं की तोंड मिटून बसले. मुलीच्या घरापर्यंत. परत येईपर्यंत. ते आरशात सारखे माझ्या तोंडाकडे बघायचे, मला वाटायचं, माझी गंमत बघतायत.

ते बघा आले. फाटकातून. हातात कागद घेतलेले ते. काच खाली आहे ना? अहो. अहो, इकडे. बघितलंत? मान वळली नाही. ती मागून स्कूटर येतेय, केव्हाची हॉर्न वाजवतेय, तुम्हाला आला ना हॉर्न? मला आला. आणि हे बघा कसे मधोमध चाललेत, शांत, जसं काही सगळा रस्ता रिकामा आहे. दिसली आत्ता, बाजूला झाले. हसले त्याच्याकडे बघून. माज, म्हणत होते मी.

उतरा तुम्ही. नाही, किमतीचा प्रश्न नाही, तुम्ही बोललात ती ठीकच आहे. गाडी द्यायची नाही. तुमच्या आईंना घेऊन या हवं तर एकदा, बसून बघू दे त्यांना, ह्यांच्याकडून करून घ्या असंच सगळं, त्यांना काय, आनंदच होईल. पण आता उतरा. त्यांना काही बोलू नका, मी सांगते त्यांना. काचेवरची पाटी तेवढी जाताजाता ओढून काढा, इथून माझा हात पुरत नाही. आणि ते बटण बंद करू नका. ते तसंच राहू द्या. आता उतरा ना हो, ती जागा त्यांची आहे.