अंगरखा वाळेपर्यंत

बुवा: जरा जवळ सरका, मालुआक्का. पूर्णिमा, तूही ऐक. हे कपडे धुण्याचं मशीन फिरेपर्यंत घोंगड्यातल्या कीर्तनकाराचं आख्यान सांगतो.

मालुबाई: आख्यान ऱ्हाऊ द्या, गुंडूबुवा. पाचाला देवळात टाळ वाजणार. चिखलात पडायला आजचाच मुहूर्त गावला?

बुवा: गुंजीच्या वाटेनंच साष्टांग घालून घेतला, अंगरखा चिखलानं भरला. मी काय करू?

पूर्णिमा: आत्ती, करंट आहे, दिवाबी लागतोय. बटण दाबलं की नुसतं गप्प.

मालुबाई: धुऊन वाळवूनबी देतंय म्हणून काल घरात आणलं आणि आज पयल्यांदा लावलं, तर रुसलं. स्वरूपला फोन लाव.

पूर्णिमा: लावला. तुमचा लेक म्हणतो, दुरुस्तीवाला सोमवारी येईल.

मालुबाई: सोमवारी काय मशीनचं कीर्तन हाय?

बुवा: घोंगडं पांघरूनच उभा राहतो. देवाला चालतं.

मालुबाई: देवाला चालंल, गावाला न्हाय. आमच्या मालकांनी वीस वर्सं श्रावणातलं ह्ये कीर्तन चुकू दिलं न्हाय. ते गेल्यावर पयल्यांदा माझ्या अंगावर आलंय, आणि बुवा घोंगड्यात?

पूर्णिमा: दुसऱ्या कुणाचा अंगरखा आणू?

मालुबाई: बुवांच्या पोटाला? मांडवाचं कापड आण.

बुवा: प्रसादाचं पोट आहे, आक्का.

पूर्णिमा: थांबा. दार लावल्यावर टक्क वाजायला पाहिजे, वाजत नाही. दार पक्कं बसल्याशिवाय हे फिरत नसतंय. आधी प्लग काढते. आत्ती, केसातली पिन द्या. खाचेत कायतरी अडकलंय... हे काय? लाल तांदूळ?

मालुबाई: अक्षता असतील.

पूर्णिमा: मशीनमध्ये?

मालुबाई: सकाळी पूजा केली नव्हं? दार उघडं हुतं, सोडल्या मूठभर. नवी सून आली की टाकत न्हाय व्हय?

पूर्णिमा: माझ्यावर टाकल्या तेव्हा मीबी दोन दिवस गप्पच होते.

मालुबाई: तिसऱ्या दिवशी जी सुरू झालीस, ती आजपतोर थांबली न्हाईस.

पूर्णिमा: सहा... सात... निघाल्या सगळ्या. प्लगबी लावला. लावा आता दार.

(टक्क. पूर्णिमा बटण दाबते. ड्रम फिरू लागतो.)

बुवा: फिरलं बघा. धन्य गं पोरी.

मालुबाई: बुवा, टाळ्या मागनं वाजवा. आधी घोंगडं धरा.

पूर्णिमा: काचेतनं दिसतंय, अंगरख्याच्या बाहीला ते ठिगळ कसलं, बुवा?

बुवा: तुझ्या सासऱ्याचं. असल्या पावसात यल्लाप्पा मला घोंगड्यात बसवून, शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर माझा अंगरखा वाळवायचा. एकदा बोलता बोलता बाही भाजली.

मालुबाई: आणि स्वतःच शिवली. मला सुईला हात लावू दिला न्हाय. शिवण बघ, गुंजीच्या वाटेगत वाकडी.

बुवा: म्हणून तर दुसरा अंगरखा घेतला नाही. हेच आख्यान सांगणार होतो, तुम्ही ऐकून कुठं घेता? असू दे. आज निरूपणात मी हात वर केला की ठिगळ दिसेल. तेवढा वेळ देवाकडं बघू नका, देव समजून घेईल. यल्लाप्पाला आठवा.