काकूचं जांभळं गांडूळ

अरे यार, ऐका तर! कांदासुद्धा न खाणाऱ्या आमच्या ब्रह्मा घाटच्या काकूमुळे काल मला मासा लागला!

झालं काय, गळावर चढवलेलं माझं रबरी गांडूळ दरवेळी वाकडं व्हायचं आणि पाण्यात भिरभिरायचं. तीन रविवार कोरडे गेले. काल घरी मी गळ तयार करताना काकू बघत होती. म्हणाली, "आण इकडे! नाडी ओवतात तसं सरळ ओवायचं. आणि गढूळ पाण्यात हिरवं कुणाला दिसणार? ते जांभळं दे."

तलावावर दुसऱ्याच फेकीला असा हिसका बसला! तिथूनच फोन लावला, "काकू, लागली! हातभर मरळ!"

"सोडलीस ना तिला?"

"सोडली."

"बरं केलंस. माझं गांडूळ वाकडं नाही ना झालं?"