माल तोच, खोकं वेगळं

...आणि वर मलाच विचारतात, हात लावायला कुणी सांगितलं होतं? अहो, सांगायला कशाला पाहिजे? चाकणला क्वालिटीत आहे मी! हात लावायचाच तर पगार मिळतो! वस्तू दिसली की उचलायची, उलटी करायची, मोजायची, वाकडी निघाली की लाल टॅग लावून बाजूला ठेवायची... हे करता करता डोक्यावरचे केस गेले माझे, आणि माझ्याच घरात वस्तू आली तर हात लावायचा नाही? बरं, लावला. खून केला का कुणाचा? पण तुम्हाला सांगतो, कालपर्यंत आमच्या चिखलीच्या फ्लॅटमध्ये फक्त कुकर बोलत होता. बायको बोलत नव्हती, पोरगी बोलत नव्हती. आणि कशावरून? गिटारवरून!

म्हणजे झालं असं, की आमची योगिनी ताथवड्याला इंजिनीअरिंगला आहे. तिथं कॉलेजच्या जुन्या गिटारवर वाजवायला शिकली, चांगली शिकली म्हणे, आणि यंदा गॅदरिंगच्या बँडमध्ये तिला घेतलं. पण अट काय? गिटार स्वतःची पाहिजे. तिनं मला मोबाइलवर फोटो दाखवला. लाल गिटार, चकाचक, आणि खाली किंमत. ती किंमत बघून मला वाटलं दुचाकीची जाहिरात आहे. मी विचारलं पण, "ॲव्हरेज काय देते?"

पोरगी हसली नाही. म्हणाली, "बाबा, ही नकोच आहे मला. ह्याच कंपनीचं स्वस्तातलं मॉडेल येतं. आकार तोच, रंग तोच, नाव जरा वेगळं."

आता हे ऐकल्यावर मला किती आनंद झाला असेल! कारण हे गणित मला नवीन आहे का? आमच्याकडे रबरी बुश निघतात. एकाच मशीनमधून, एकाच शिफ्टला, एकाच माणसाच्या हातून. त्यातले काही मोठ्या कंपनीच्या रंगीत खोक्यात जातात आणि काही साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बाजारात. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक! मी म्हटलं, "बाळा, बापानं आयुष्यभर हेच बघितलंय. माल तोच, खोकं वेगळं!"

"अगदी तोच नसतो, बाबा," ती म्हणाली. "लाकूड वेगळं असतं, आतलं सामान साधं असतं. पण चांगला पीस मिळतो. फक्त घेतल्यावर जाणकाराकडून एकदा सेटिंग करून घ्यावं लागतं."

सेटिंग! हा शब्द माझ्या डोक्यात बसला आणि तिथंच सगळी माती झाली.

गेलो डांगे चौकात, दुकानात. दुकानदार म्हणजे माझ्याच वयाचा माणूस, पण केसांची पोनी. असो, मला काय, त्याला आहेत तर बांधतो. त्यानं महागातली वाजवली, मग स्वस्तातली वाजवली, आणि विचारतो, "कळला का फरक, काका?" मी मान डोलावली. कळला कुणाला? पण आपण क्वालिटीवाले, कळलं नाही असं म्हणायची सवयच नाही. बायकोला घरी फोटो पाठवला तर तिचा वेगळाच प्रश्न, "अहो, हिला मधे भोकच नाही, आवाज कुठून येणार?" आवाज ॲम्प्लिफायर नावाच्या ठोकळ्यातून येतो म्हणे, वायर लावून. म्हणजे ठोकळा पण घ्या! घेतला.

मग पोनीवाला म्हणाला, "काका, नेकचं, म्हणजे मानेचं, आणि तारांचं सेटिंग करून देतो. त्याचे वेगळे लागतील."

आता तुम्हीच सांगा, नव्याकोऱ्या वस्तूला सेटिंग? मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही नापास माल विकता काय?" योगिनीनं बाही ओढली माझी. "बाबा, करून घेऊ ना, प्लीज." आणि मी... मी म्हटलं, "घरात क्वालिटीवाला असताना बाहेर पैसे द्यायचे?"

झालं! दुसऱ्या दिवशी योगिनी आंघोळीला गेलेली बघून गिटार उचलली आणि कंपनीच्या बसमध्ये बसलो. मांडीवर गिटार! सगळी बस विचारते, "काय उद्धवराव, राजीनामा का?" गेटवर सिक्युरिटीवाला आत सोडेना. म्हणे, "साहेब, हे मटेरियल कुठल्या डिपार्टमेंटचं?" शेवटी त्यानं रजिस्टरला लिहिलं, 'वाद्य, तपासणीसाठी', आणि मला सांगतो, "जाताना वाजवून दाखवा, तरच बाहेर सोडीन." हसा, हसा. तेव्हा मी पण हसलो होतो.

आमच्याकडे एक ग्रॅनाइटची सपाट फरशी आहे, सरफेस प्लेट. इतकी सपाट, की तिच्यावर कुणी चहाचा कप ठेवला तर मी त्याच्याशी दिवसभर बोलत नाही. तिच्यावर ठेवली गिटार. मानेवर सरळपट्टी लावली, खाली फट दिसते का बघितलं... आणि काय सांगू! मान वाकलेली! किंचित, केसभर, पण मधोमध खोलगट! मी ओरडलोच, "निरंजन, इकडे ये, बघ, बेंड आहे!" निरंजन माझ्या हाताखालचा, तो कशाला नाही म्हणतोय? सगळं डिपार्टमेंट गोळा झालं. लाल टॅग लागला. इतका आनंद झाला राव मला... स्वस्तातल्या मालात नेमकी कुठं काटकसर केलीय ते पकडलं ना मी! माल तोच, खोकं वेगळं, आणि मधे एवढासा बाक!

मानेच्या टोकाला एक नट दिसला. खोलगट, सहाकोनी ॲलनकीनं फिरवायचा. म्हणजे बनवणाऱ्यांनी स्वतःच सोय ठेवलेली! घातली ॲलनकी. जरा सैल बसत होती... नटाचं माप इंचातलं आणि माझी किल्ली मिलिमीटरची, हे मला पुढं कळलं. फिरवली. बाक कमी झाला. आणखी फिरवली. आणखी कमी. तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं म्हणतात. पण मी कसला थांबतोय? फट शून्य आली पाहिजे! शेवटचा पीळ दिला, आतून काहीतरी कुरकुरलं, आणि पट्टीखालून उजेड यायचा बंद झाला. एकदम सरळ! लाल टॅग काढला, हिरवा 'ओके' टॅग बांधला, खाली माझी सही. फोटो काढले आम्ही सगळ्यांनी.

घरी आलो. म्हटलं, "योगिनी, घे. सेटिंग झालं."

तिनं वायर जोडली, तारेवर हात फिरवला... खर्रर्र! रिक्षाचा सायलेन्सर सुटल्यासारखं! दुसरी जागा दाबली, खर्रर्र. तिसरी, खर्रर्र. तिनं गिटार डोळ्यासमोर धरून टोकापासून बघितली आणि हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही काय केलंत?"

"वाकडी होती. सरळ केली."

ती खाली बसली हो. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "ती थोडी वाकडीच असते, बाबा. महागातली पण. तार हलते ना, तिला हलायला जागा लागते."

आता हे मला कुणी आधी सांगायचं? जगात अशी एक वस्तू आहे, जी सरळ असली की नापास! मी म्हटलं, त्यात काय, उलटा फिरवू. तर ॲलनकी आत नुसतीच गरगर फिरते. नट गोल झालेला! पळालो डांगे चौकात. पोनीवाल्यानं बघितलं, हिरवा टॅग वाचला, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "काका, पीस एक नंबर होता. ह्या किमतीत असा क्वचित निघतो. आता मान बदलायची म्हणजे नवीनच घेतल्यासारखं, आणि गॅदरिंगच्या आत तर शक्यच नाही." मी विचारलं, महागातली घेतली असती तर? तो म्हणाला, "तीपण गेलीच असती. फक्त तुम्ही जास्त रडला असता."

आणि घरी विजयश्री, माझी बायको, भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "पोरीला महागातलीच हवी होती. तुमचा ओव्हरटाइम वाढायला नको म्हणून स्वस्तातली म्हणाली ती." एवढं बोलून तीही गप्प. जिच्यासाठी मी जन्मभर मोजत आलो, तिनं माझ्यासाठी काय मोजलं होतं, ते मला दिसलंच नाही.

मग लाज गुंडाळून ठेवली आणि सोपानरावांकडे गेलो. सोपानराव म्हणजे इथले मूळ गावकरी, आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांचीच होती. त्यांच्या कुलदीपनं ओरिजिनल घेतलेली, तीच लाल, ती हॉलमध्ये भिंतीवर. सोपानराव म्हणाले, "न्या की! पोरगं कुठं वाजवतंय? ईचारलं की म्हनतंय मूड न्हाई. पर उद्धवराव, येक ऐका आमचं..." म्हटलं, काय? "मोजू नका!"

सगळ्या चिखलीला कळलं होतं!

काल संध्याकाळी गॅदरिंग झालं. पोरगी त्या ओरिजिनलवर वाजवत होती आणि मी कान टवकारून बसलो होतो, की आता तरी कळेल एवढी किंमत कशाची ते. काही कळलं नाही. पोरगी तेवढी दिसत होती. विजयश्री म्हणाली, "डोळे पुसा." म्हटलं, स्टेजवर धूर सोडलाय, त्याचं आहे ते.

बाहेर पार्किंगमध्ये मीच धीर करून विचारलं, "बाळा, खरं सांग. ह्या ओरिजिनलमध्ये आणि आपल्या गिटारमध्ये फरक काय?"

तिनं हेल्मेट घातलं, काच वर केली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "काही नाही, बाबा. माल जवळजवळ तोच. ही फक्त तुमच्या कंपनीत जाऊन आली नाही."

बोलली तरी! मला तेवढंच पुष्कळ झालं.

आज सकाळी तिनं आपली गिटार हॉलमध्ये टांगली. सोपानरावांकडच्यासारखी. म्हटलं, तो हिरवा टॅग तरी काढू का? तर म्हणाली, "राहू द्या, बाबा." राहू दिला. या कधी घरी, बघून जा. वाजत नाही... पण सरळ आहे. एकदम सरळ!