ऑस्ट्रेलियात मराठीची शिकवणी

अरे, ऑस्ट्रेलियात मुलाकडे गेलो होतो ना, तेव्हा आम्ही गाडीनं आठ दिवस तो देश फिरलो. पुढं मुलगा आणि नातू, मागं त्यांच्या दोन कुत्र्या आणि मधे मी. सहाव्या दिवशी पेट्रोल पंपावर दार उघडलं, तशी धाकटी कुत्री सुटली ती थेट हायवेकडं. समोरून ट्रक येत होता! मुलगा "स्टॉप, स्टॉप" ओरडत राहिला, ती ऐकेना. मी ओरडलो, "थांब गो! बस खाली!" ती जागच्या जागी बसली.

मुलानं धावत जाऊन तिचा पट्टा धरला. म्हणाला, "आबा, हिला मराठी कधी शिकवलीत?"

म्हटलं, "आपल्या गावातून, उमरठातून निघालो तो नातवाला शिकवायचं ठरवूनच. त्यानं मोबाईलातनं मान वर केली नाय. मग जी ऐकत होती, तिला शिकवली."